धार्मिक पुस्तकांचं छोटं दुकान चालवायचंय? मग तिथी बघून माल भरा

धार्मिक पुस्तकांच्या दुकानात येणारी बहुतेक माणसं मनात एखादा दिवस धरून आलेली असतात. येत्या गुरुवारी मार्गशीर्षातला पहिला गुरुवार आहे, आईनं दत्तजयंतीचा सप्ताह धरलाय, गावात हरिनाम सप्ताह बसतोय, वडिलांचं वर्षश्राद्ध आलंय आणि पाहुण्यांना हरिपाठ वाटायचे आहेत. कादंबरी आठ दिवस उशिरा मिळाली तर वाचक थांबतो. पोथी एक दिवस उशिरा मिळाली तर त्या वर्षापुरता तिचा उपयोग संपला. माल कधी भरायचा, किती भरायचा, कुणाला उधार द्यायचं, हे सगळं या एका गोष्टीवरून ठरत जातं.

हा लेख स्वतःच्या हिमतीवर, कुठल्याही संस्थानाच्या किंवा मठाच्या आधाराशिवाय असं दुकान काढू पाहणाऱ्यांसाठी आहे. माझं दुकान आळंदीत, देवळाच्या वाटेवर आहे, म्हणून उदाहरणं वारकऱ्यांची जास्त येतील. पण गाव कुठलंही असलं तरी रीत फारशी बदलत नाही.

जागा ठरली की आधी गावाचं वाचन ओळखा

माल मागवायच्या आधी पंधरा दिवस नुसतं फिरा. देवळाबाहेर बसणारे फुलवाले, भजनी मंडळाचे पेटीवाले, पौरोहित्य करणारे गुरुजी यांना विचारा की इथं लोक घरी काय वाचतात. शेगावच्या पंचक्रोशीत ‘श्री गजानन विजय’चे एकवीस अध्याय घराघरात असतात. शिर्डीच्या वाटेवर ‘श्री साईसच्चरित’ लागतं. नरसोबाची वाडी, औदुंबर, गाणगापूर इथं जाणाऱ्यांना गुरुचरित्र हवं असतं, अक्कलकोटला ‘स्वामी चरित्र सारामृत’, सज्जनगडाकडे दासबोध आणि मनाचे श्लोक. नागपूरला दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आणि दादरला चैत्यभूमीवर ६ डिसेंबरच्या सुमारास बौद्ध आणि आंबेडकरी साहित्याची जेवढी विक्री होते, ती बघून पुस्तकांच्या धंद्यातल्या माणसानं शिकावं. वसईच्या बाजूला मराठी बायबल आणि प्रार्थनेची पुस्तकं मागणारे असतात. आळंदीत शोभेल असा मांडलेला माल दुसरीकडे धूळ खात पडेल.

आळंदीला आणखी एक गिऱ्हाईक आहे, ते म्हणजे विद्यार्थी. जोग महाराजांनी १९१७ साली इथं वारकरी शिक्षण संस्था काढली, आणि आज गावात लहानमोठ्या कितीतरी संस्था आहेत. गाथा, ज्ञानेश्वरी, गीता, पंचदशी, विचारसागर ही त्यांची अभ्यासाची पुस्तकं. ही मुलं खेड्यांतून येतात, हातात पैसा बेताचा. त्यांच्यासाठी वापरलेल्या प्रती घेण्याची-देण्याची एक फळी ठेवा आणि छापील किमतीवर जमेल तेवढी सूट द्या. यातलाच एखादा पुढे कीर्तनकार होतो आणि आपल्या गावच्या सप्ताहाची सगळी पुस्तकं तुमच्याकडून नेतो. पण त्या आशेनं सूट देऊ नका. अभ्यासाला बसलेल्या मुलाच्या हातात पुस्तक असावं, एवढं कारण पुरेसं आहे.

पहिला माल: थोडी नावं, पण प्रत्येक नावाचे सगळे आकार

नवखा दुकानदार शंभर नावं मागवतो आणि प्रत्येकाची एकच प्रत ठेवतो. उलट करा. पंधरा-वीस नावं घ्या, पण त्यांच्यात निवड ठेवा. ज्ञानेश्वरी हवी म्हणणाऱ्या माणसाला काय काय हवं असू शकतं ते बघा: फक्त ओव्यांची मूळ प्रत, प्रत्येक ओवीखाली अर्थ असलेली सार्थ प्रत, मोठ्या अक्षरातली पारायण प्रत, प्रवासात न्यायची लहान प्रत. सार्थमध्येही कुणाला साखरे महाराजांची परंपरा हवी असते, कुणी दांडेकरांचीच प्रत मागतो. दोन्ही ठेवाव्या लागतात. यात आपली आवड चालत नाही, कारण माणूस आपल्या गुरूनं सांगितलेली प्रत मागत असतो.

गुरुचरित्र मागणाऱ्याला ‘बावन्न अध्यायांचं की त्रेपन्न?’ हे विचारायला शिका. आवृत्त्यांमध्ये हा फरक आहे आणि घरात पूर्वीपासून जी चालत आली तीच लोकांना हवी असते. त्याचा चौदावा आणि अठरावा अध्याय वेगळ्या पुस्तिकेत मिळतो, तो नेहमी हाताशी ठेवा. शिवलीलामृताचे चौदा अध्याय, पण रोज वाचायला अकरावा अध्याय सुटा मागतात. नवनाथ भक्तिसाराचे चाळीस, दासबोधाचे वीस दशक नि दोनशे समास, मनाचे श्लोक २०५, एकनाथी भागवताचे एकतीस अध्याय. हे आकडे तोंडपाठ हवेत. ‘रोज किती वाचलं म्हणजे सात दिवसांत होईल?’ हा प्रश्न गल्ल्यावर रोजचा आहे, आणि त्याचं उत्तर देता आलं नाही की गिऱ्हाईकाचा तुमच्यावरचा विश्वास उडतो.

हरिपाठ, आरती संग्रह, रामरक्षा, अथर्वशीर्ष, व्यंकटेश स्तोत्र, हनुमान चालिसा या पातळ पुस्तिका दुकानाचा रोजचा खर्च भागवतात. त्या समोर, उभ्या माणसाच्या हाताला लागतील अशा ठेवा. जाड ग्रंथ मागच्या फळीवर, पण कणा आणि नाव दिसेल असे.

पोथीबरोबर लागणाऱ्या वस्तू थोड्या ठेवल्या तर बऱ्या: पोथी गुंडाळायचं लाल कापड, पोथी ठेवायची घडीची लाकडी चौकट, तुळशीची माळ, बुक्का, गोपीचंदन. टाळ-वीणा विकायच्या भानगडीत सुरुवातीला पडू नका, तो वेगळा धंदा आहे आणि त्याला जाणकार लागतो.

खरेदी आणि पैशाचं गणित

पुण्यात अप्पा बळवंत चौक आणि त्याच्या आजूबाजूला घाऊक पुस्तकविक्रेते आहेत. धार्मिक पुस्तकांसाठी एक-दोन फेऱ्या तिथं माराच. मुंबईत केशव भिकाजी ढवळे यांचं नाव या क्षेत्रात जुनं. गोरखपूरची गीता प्रेस १९२३ पासून चालू आहे आणि मराठीतही छापते. तिची पुस्तकं स्वस्त असतात, त्यामुळे दुकानदाराला सुटणारा पैसाही थोडाच. तरी ती ठेवलीच पाहिजेत. स्वस्त आणि शुद्ध छापलेली गीता मागायला आलेल्या माणसाला महागडी सचित्र गीता गळ्यात मारणं बरं नव्हे. नागपूरचा रामकृष्ण मठ विवेकानंद आणि रामकृष्णांचं साहित्य मराठीत काढतो, त्यालाही ठराविक वाचक आहे.

समजा एका ग्रंथाची छापील किंमत ४०० रुपये आहे आणि तुम्हाला तो तीस टक्के सवलतीनं म्हणजे २८०ला पडला. गिऱ्हाईकाला दहा टक्के सोडले तर हातात ८० रुपये राहिले. त्यातून भाडं, वीज, गठ्ठा आणायचं भाडं, खराब निघालेल्या प्रती आणि तुमची मजुरी. तोच ग्रंथ दोन वर्षं फळीवर पडून राहिला तर त्या ८० रुपयांना काही अर्थ उरत नाही. म्हणून प्रकाशकाशी बोलताना सवलतीचा टक्का किती हे विचारण्याआधी दोन गोष्टी विचारा: न खपलेला माल परत घेता का, आणि फर्मा चुकलेली प्रत बदलून देता का. जो या दोन्हींना हो म्हणतो त्याच्याकडून चार टक्के कमी मिळाले तरी माल घ्यावा.

फर्म्याचं थोडं जास्त सांगतो, कारण इथं नवखे फसतात. पुस्तक सोळा पानांच्या फर्म्यांत छापतात आणि बांधतात. बांधणी करताना एखादा फर्मा गळतो, दोनदा लागतो किंवा उलटा लागतो. कथेच्या पुस्तकात हे चालून जाईल. पारायणाला बसलेल्या बाईंना पाचव्या दिवशी कळलं की सत्ताविसाव्या अध्यायानंतर एकदम तिसावा आहे, तर त्यांच्या मनाला केवढा चटका बसेल याचा विचार करा. गठ्ठा आला की प्रत्येक जाड पोथी पानांचे आकडे बघत चाळायची. वेळ जातो, जाऊ द्या. आणि सदोष प्रत घेऊन कुणी परत आलंच तर पावती मागायची नाही, लगेच बदलून द्यायची.

आणखी एक. संतांचे मूळ ग्रंथ सगळ्यांचे आहेत, पण त्यांवरचा अर्थ, टीका, अनुवाद यांचा लेखनहक्क लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षं टिकतो. फार स्वस्तात, प्रकाशकाचा पत्ता नसलेली सार्थ प्रत कुणी आणून दिली तर ती घेऊ नका.

देवस्थानाच्या विक्री केंद्रात त्यांचा स्वतःचा ग्रंथ तुमच्यापेक्षा स्वस्त मिळतो. गिऱ्हाईक तसं म्हणालं तर खरं तेच सांगा आणि त्याला तिकडे पाठवा. पुढच्या वेळी तो तुमच्याकडे येतो.

कागदपत्रं

हा भाग लांबवण्यासारखा नाही. छोट्या दुकानाला दुकाने व आस्थापना कायद्याखाली पूर्ण नोंदणीऐवजी ऑनलाइन सूचना द्यावी लागते. पाटी मराठीत, देवनागरीत हवी. ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेचा परवाना गावागावाप्रमाणे. बँकेचं कर्ज लागणार असेल तर उद्यम नोंदणी करून घ्या, २०२१ पासून किरकोळ व्यापाऱ्यांनाही ती करता येते.

छापील पुस्तकांवर जीएसटी नाही. अगरबत्तीवर आहे, दिनदर्शिकेवर आहे. निव्वळ करमुक्त माल विकणाऱ्याला नोंदणी लागत नाही, पण करपात्र वस्तू ठेवल्या की मर्यादा मोजताना पुस्तकांची विक्रीही धरली जाते. महाराष्ट्रात मालाच्या विक्रीसाठी ही मर्यादा वर्षाला ४० लाखांची आहे. उलाढाल वाढायला लागली की करसल्लागाराला आधी विचारा.

दुकानाचं वर्ष

भिंतीवर दिनदर्शिका लावा आणि प्रत्येक सणाच्या एक महिना आधीच्या पानावर खूण करा. माल त्या खुणेच्या दिवशी मागवायचा.

चैत्रात पाडव्याला पंचांग, मग अक्कलकोटच्या स्वामींचा प्रकट दिन, रामनवमी, हनुमान जयंती. दाते पंचांग मागणारा दुसरं घेत नाही, तेव्हा ते कमी पडू देऊ नका. ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूतून आणि अष्टमीला आळंदीतून पालखीचं प्रस्थान. त्या दोन-तीन दिवसांत आळंदीत दुकानदाराला मान वर करायला फुरसत नसते. पण वारकरी चालत जाणारा माणूस आहे, त्याच्या खांद्यावर आधीच पडशी आहे. तो जाड ग्रंथ घेत नाही. खिशात मावणारा हरिपाठ, भजनी मालिका, चिपळी एवढाच त्याचा माल. त्या आठवड्यात ग्रंथ मागे सरकवा आणि पुढची सगळी जागा लहान पुस्तकांना द्या. जाड माल कार्तिकात जातो: कार्तिक वद्य एकादशी आणि त्रयोदशीचा माउलींचा समाधी सोहळा, तेव्हा परतताना लोक एसटीत बसून जातात आणि ज्ञानेश्वरी घरी नेतात. एरवीही दर महिन्याच्या वद्य एकादशीला आळंदीची वारी असते. शुद्ध एकादशी पंढरपूरची, वद्य आळंदीची. तुमची सुट्टी या दिवशी कधीच असता कामा नये.

आषाढी एकादशीला चातुर्मास लागतो आणि घराघरात ग्रंथ लावला जातो. मग गुरुपौर्णिमा. आषाढाच्या शेवटी, दीप अमावास्येच्या आत, जिवतीचे कागद संपलेले असायला हवेत. श्रावण लागल्यावर ते कुणी घेत नाही. श्रावणात कहाण्यांचं पुस्तक, शिवलीलामृत, नवनाथ भक्तिसार. भाद्रपदात हरितालिका आणि गणेशपूजेच्या पुस्तिका. गणपतीच्या आदल्या रात्री दहा वाजेपर्यंत माणसं ‘पूजा सांगायला गुरुजी मिळाले नाहीत, काहीतरी द्या’ म्हणत येतात. त्यांना संस्कृत मंत्रांबरोबर मराठी कृती दिलेली पुस्तिका द्यायची आणि दोन मिनिटं काढून कुठून सुरुवात करायची ते पान उघडून दाखवायचं. नवरात्रात दुर्गासप्तशती आणि श्रीसूक्त. कोजागिरीनंतर गावोगाव काकडा सुरू होतो, तेव्हा काकड आरतीची पुस्तकं एकगठ्ठा जातात.

दिवाळीच्या सुमारास कालनिर्णय आणि बाकीच्या दिनदर्शिका. जानेवारी संपला की उरलेली दिनदर्शिका रद्दी होते, म्हणून पहिल्या वर्षी हात आखडून घ्या आणि संपली की पुन्हा मागवा.

मार्गशीर्ष हा सगळ्यांत मोठा. गुरुवारच्या महालक्ष्मी व्रताची पोथी पहिल्या गुरुवारच्या आधी तीन दिवसांत संपते, त्यानंतर तुरळक. शुद्ध एकादशीला गीता जयंती, पौर्णिमेला दत्तजयंती. दत्तजयंतीला सप्ताह पुरा करायचा म्हणजे वाचन सात दिवस आधी सुरू होणार, आणि त्याच्याही आधी चार दिवस लोक पोथी घ्यायला येणार. म्हणजे गुरुचरित्राचा गठ्ठा मार्गशीर्ष लागायच्या आत दुकानात हवा. माघात गणेश जयंती, वद्य सप्तमीला गजानन महाराजांचा प्रकट दिन, नवमीला दासनवमी, मग महाशिवरात्र. फाल्गुन वद्य द्वितीयेला तुकाराम बीज आणि षष्ठीला नाथषष्ठी. बीजेला देहूत, षष्ठीला पैठणला गर्दी, पण आपल्या गावातही त्या दिवशी गाथा मागितली जाते.

साधारण तीन वर्षांनी अधिक महिना येतो. २०२३ साली अधिक श्रावण होता, २०२६ साली अधिक ज्येष्ठ. अधिक मासाची पोथी एरवी विकली जात नाही आणि त्या महिन्यात पुरत नाही. तिची मागणी निदान दोन महिने आधी नोंदवा, कारण त्या वेळी सगळेच दुकानदार एकदम मागतात.

गल्ल्यावरचं बोलणं

‘ज्ञानेश्वरी केवढ्याला?’ असं विचारणाऱ्याला किंमत सांगू नका. ‘माउली, कुणासाठी हवी आहे?’ असं विचारा. आईसाठी हवी असेल तर आईचं वय, चष्मा, डोळ्यांचं ऑपरेशन झालंय का, ती मांडीवर घेऊन वाचते की चौकटीवर ठेवून, आधी वाचली आहे का, हे सगळं दोन वाक्यांत कळतं. वयस्क माणूस स्वतः आला असेल तर प्रत उघडून उजेडात त्याच्या हातात द्या आणि एक ओवी मोठ्यानं वाचायला सांगा. तो अडखळला तर त्याहून मोठ्या अक्षराची प्रत काढा. किंमत जास्त असते, वजनही जास्त असतं, ते दोन्ही त्याला सांगा. अक्षर मोठं पण पुस्तक उचलवत नाही अशी अडचण असेल तर ज्याचे दोन-तीन भाग केलेले आहेत अशी प्रत मिळते का बघा. माझ्या मते या धंद्यातलं खरं कौशल्य एवढंच आहे: योग्य डोळ्यांना योग्य अक्षर मिळवून देणं.

कुणी पहिल्यांदाच वाचायला सुरुवात करत असेल तर त्याला पूर्ण सार्थ ज्ञानेश्वरी देऊ नका. हरिपाठ द्या, अर्थासह. सत्तावीस-अठ्ठावीस छोटे अभंग, महिनाभरात अंगवळणी पडतात. ज्ञानेश्वरीचा बारावा अध्याय सुटा मिळतो, तोही चांगला. ‘एवढं वाचून झालं की पुढचं घ्यायला या’ असं सांगा.

‘बायकांनी गुरुचरित्र वाचलं तर चालतं का?’, ‘सोवळं किती पाळायचं?’, ‘मध्ये खंड पडला तर?’ असे प्रश्न येतात. कुणी काय वाचावं हे ठरवायचा अधिकार दुकानदाराला नाही. ज्या बाईला पोथी हवी आहे तिला ती आदरानं द्यायची. नियम विचारले तर पोथीच्या सुरुवातीला छापलेलं पान दाखवायचं आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना किंवा आपल्या गुरूंना विचारा म्हणायचं.

यापेक्षा नाजूक असतात ते आजारपण किंवा कर्ज घेऊन आलेले लोक. ‘मुलाचं ऑपरेशन आहे, काय वाचू?’ असं कुणी रडवेल्या चेहऱ्यानं विचारतं. बसायला स्टूल द्या, पाणी द्या, ऐकून घ्या. फलश्रुती ग्रंथात लिहिलेली आहे, ती ग्रंथाची आहे. आपल्या तोंडून ‘हे वाचा, बरं होईल’ अशी हमी जाता कामा नये. तशी पाटी लावून पुस्तिका खपवणारे आहेत, त्यांच्या वाटेला जाऊ नका. त्या आईला रामरक्षा येत असते, लहानपणापासून येत असते. ती तिला आठवून द्या, आणि डॉक्टरांनी सांगितलेलं सोडू नका एवढं स्पष्ट सांगा. त्या दिवशी काहीच विकलं गेलं नाही तरी चालेल.

वर्षश्राद्धाला किंवा पुण्यतिथीला वाटायची पुस्तकं हा मोठा आणि जबाबदारीचा भाग आहे. पन्नास-शंभर हरिपाठ किंवा गीता, आतल्या पानावर गेलेल्या माणसाचं नाव आणि तिथी. नाव स्वतः लिहून घेऊ नका, घरच्या माणसाला कागदावर लिहायला सांगा आणि छापायच्या आधी त्याचा फोटो पाठवून होकार घ्या. ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं वडिलांचं नाव शंभर घरांत जाणं फार वाईट. ही मंडळी घाईत असतात आणि दर पाडून मागत नाहीत. म्हणूनच त्यांना सगळ्यांत चांगला दर आपण होऊन द्यायचा.

सप्ताहाची मागणी

गावचा अखंड हरिनाम सप्ताह म्हणजे ज्ञानेश्वरी किंवा गाथेचं सामुदायिक पारायण. व्यासपीठ चालवणारे महाराज सांगतील त्या गतीनं शेकडो माणसं एकत्र वाचतात. सगळ्यांकडे एकच आवृत्ती असली तर बरं, कारण प्रतीप्रतींत पाठभेद आहेत, ओव्यांच्या संख्येतही थोडा फरक पडतो, आणि पानांचे आकडे तर जुळतच नाहीत. तेव्हा मागणी आली की पहिला फोन मंडळाच्या अध्यक्षांना न करता व्यासपीठचालकांना करा आणि त्यांच्या हातात कुठली प्रत आहे ते विचारा. तीच मागवा.

पैशाचा करार आधी करा: निम्मे आगाऊ, निम्मे पुस्तकं पोचल्यावर. काल्याच्या, म्हणजे सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी सगळं गाव दमलेलं असतं आणि दुसऱ्या दिवशी मंडप उतरतो, मग वसुली अवघड जाते. न लागलेल्या कोऱ्या प्रती आठ दिवसांत परत घेऊ, असं लेखी द्या. चलनावर प्रतींची संख्या, आवृत्ती आणि घेणाऱ्याची सही. देवाचं काम आहे म्हणून हिशेब सैल ठेवला तर शेवटी मनं दुखावतात.

पुस्तकं जपणं

आळंदीचं दुकान म्हणजे इंद्रायणीचा ओलावा आलाच. पावसाळ्यात कागद फुगतो, कसर लागते, भिंतीतून वाळवी येते. खालची फळी जमिनीपासून वीतभर वर हवी आणि मागे भिंतीला चिकटलेली नको. जड पोथ्या आडव्या ठेवा, उभ्या ठेवल्या तर कणा मोडतो. फळीत डांबराच्या गोळ्या किंवा वाळवलेला कडुलिंबाचा पाला. उन्हाळ्यात एकदा सगळा माल काढून फळ्या पुसा.

तेल, कुंकू, बुक्का आणि उदबत्त्या पुस्तकांपासून लांब, दुसऱ्या कपाटात. पुस्तकाला पाय लागू देऊ नका, गठ्ठा जमिनीवर उघडायचा झाला तर खाली पोतं किंवा चटई अंथरा, पान उलटताना बोट जिभेला लावू नका. गिऱ्हाईक हे बघत असतं. आणि ते बघत नसलं तरी असंच वागायचं.

टपालानं पाठवणं

पुण्या-मुंबईत राहणारी, परराज्यात गेलेली मंडळी आता व्हॉट्सॲपवर यादी पाठवतात. टपाल खात्यानं १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ ही सेवा सुरू केली आहे. तीत धार्मिक पुस्तकंही बसतात. तीनशे ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि जास्तीत जास्त पाच किलोला १०० रुपये, वर कर. ग्रंथाच्या वजनाच्या मानानं हे फार स्वस्त आहे. पार्सल रस्त्यानं, रेल्वेनं जातं, त्यामुळे वेळ लागतो. दत्तजयंतीची पोथी आठवडा आधी पाठवू नका, निदान तीन आठवडे हातात ठेवा. कोपऱ्यांना पुठ्ठा, आत प्लॅस्टिक, वर जाड कागद. प्रत फाटून पोचली तर दुसरी पाठवायची तयारी ठेवा आणि तो खर्च दरातच धरा.

जुन्या पोथ्या, आणि पौषातलं काम

आजोबा गेले, आता घरात वाचणारं कुणी नाही, असं म्हणत लोक जुन्या पोथ्या आणून देतात. नाही म्हणू नका. चांगल्या प्रती पुसून विद्यार्थ्यांच्या फळीवर ठेवा. जीर्ण झालेल्यांचं काय करायचं ते गुरुजींना विचारून करा, पण नदीत टाकू नका. इंद्रायणी आधीच पुरेशी सोसते आहे.

गाठोड्यात हाती लिहिलेली पोथी निघाली तर थांबा. पंचाहत्तर वर्षांहून जुनं आणि मोलाचं हस्तलिखित कायद्यानं पुरावस्तू ठरू शकतं, त्याचा व्यापार करायला परवाना लागतो. घरच्यांना नीट समजावून सांगा आणि पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संस्था किंवा भारत इतिहास संशोधक मंडळ इथं दाखवायला पाठवा. पानं सुटी असतील तर क्रम बदलू देऊ नका, चिकटपट्टी लावू नका, कोरड्या सुती कापडात बांधून द्या.

पौष महिना सर्वांत मोकळा. तेव्हा सगळा माल मोजा. दोन वर्षं न हललेलं पुस्तक कुठलं, कुठल्या पोथीसाठी गिऱ्हाईक रिकाम्या हाती परत गेलं, याची वही वर्षभर भरलेली असेल तर यादी करायला एक दुपार पुरते. न हललेलं प्रकाशकाला परत करा, ते घेत नसतील तर गावच्या वाचनालयाला द्या. मग पंचांगांची मागणी नोंदवा आणि माघातल्या प्रकट दिनासाठी ‘गजानन विजय’चा गठ्ठा मागवून घ्या.